पुणे–नागपूर हवाई प्रवास : अंतर, उड्डाणकाळ आणि प्रत्यक्ष प्रवासवेळ – एक विवेचन

सारांश

दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणकाळ हे दोन आकडे वरवर अत्यंत साधे भासतात. प्रत्यक्षात ‘अंतर’ या एका शब्दाखाली किमान तीन आणि ‘वेळ’ या एका शब्दाखाली किमान चार वेगवेगळ्या राशी वावरत असतात. प्रस्तुत लेखात पुणे व नागपूर या महाराष्ट्रातील दोन विमानतळांचे उदाहरण घेऊन या राशी कशा मोजल्या जातात, त्या परस्परांपासून का भिन्न असतात आणि या भेदाचा प्रवासी, तिकिटाचे भाडे, शासकीय धोरण व रुग्णसेवा यांच्याशी कसा संबंध येतो, याचे विवेचन केले आहे. प्रादेशिक मार्गावरील एकूण प्रवासवेळ आकाशापेक्षा जमिनीवर अधिक ठरते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : बृहद्वृत्त, सागरी मैल, ब्लॉक टाइम, झोतवारे, समतुल्य अंतर, प्रादेशिक हवाई संपर्क.

१. प्रस्तावना

पुणे आणि नागपूर ही महाराष्ट्राच्या दोन टोकांना वसलेली शहरे आहेत. विदर्भातील हजारो विद्यार्थी शिक्षणासाठी व तरुण नोकरीसाठी पुण्यात राहतात. सणावारी गावी जाणे, घरच्या आजारपणाला धावणे, मुलाखतीस वेळेवर पोहोचणे अशा अनेक निमित्तांनी या दोन शहरांमधील ये-जा अखंड चालू असते. अशा वेळी ‘विमानाने किती वेळ लागतो?’ हा प्रश्न विचारला जातो आणि त्याची उत्तरे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी पाऊण तास म्हणतो, कोणी एक तास. तिकिटावर सुमारे सव्वा ते दीड तास छापलेला असतो आणि प्रवास करून आलेला माणूस ‘अर्धा दिवस गेला’ असे सांगतो.

यांपैकी कोणीही असत्य बोलत नाही. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत असतो. संगणकावरील अनेक तक्त्यांमध्ये तर दोन विमानतळांमधील सरळ अंतराला एका ठरावीक वेगाने भागून त्यात अर्धा तास मिळवला जातो आणि तोच ‘उड्डाणकाळ’ म्हणून दिला जातो. आकडा सोयीचा असतो, परंतु तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय त्यावर निर्णय बेतणे धोक्याचे ठरते. म्हणून या राशींची उकल करणे आवश्यक वाटते.

२. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

(१) पुणे व नागपूर विमानतळांमधील हवाई अंतर शालेय गणिताच्या आधारे काढून दाखविणे.
(२) उड्डाणकाळाचे घटक स्पष्ट करणे.
(३) घरापासून घरापर्यंतच्या प्रवासवेळेत विमानाच्या वेगाचा वाटा किती, हे तपासणे.
(४) अंतर व वेळ यांच्या व्याख्येचा भाडे, धोरण व आरोग्यसेवा यांवर होणारा परिणाम विशद करणे.

लेखातील वेळेचे हिशेब गृहीतकांवर आधारलेले असून ती गृहीतके त्या त्या ठिकाणी नमूद केली आहेत. वाचकाने आपल्या अनुभवानुसार ती बदलून पाहावीत. आकडे थोडे बदलतील, परंतु निष्कर्षाची दिशा बदलणार नाही.

३. अंतर : एक शब्द, तीन अर्थ

३.१ सरळ हवाई अंतर

पृथ्वी गोलाकार असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. ज्या वर्तुळाचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते, ते बृहद्वृत्त होय. विषुववृत्त व प्रत्येक रेखावृत्तांची जोडी ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. या वर्तुळाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतके, म्हणजे एका मिनिटाइतके अंतर हा सागरी मैलाचा मूळ आधार आहे. आज हा मैल १,८५२ मीटर इतका निश्चित केलेला असून हवाई वाहतुकीत अंतर याच एककात मोजले जाते.

पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे १८.५८ अंश उत्तर अक्षांश व ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे २१.०९ अंश उत्तर अक्षांश व ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे दोहोंच्या अक्षांशांत २.५१ अंशांचा आणि रेखांशांत ५.१३ अंशांचा फरक आहे.

एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. म्हणून नागपूर पुण्याच्या उत्तरेस २.५१ × १११.२ = २७९ किमी आहे. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर काढताना सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. येथे सरासरी अक्षांश सुमारे १९.८ अंश असून त्याचे कोसाइन ०.९४१ आहे. यावरून नागपूर पुण्याच्या पूर्वेस ५.१३ × १११.२ × ०.९४१ = सुमारे ५३७ किमी येते. आता पायथागोरसच्या प्रमेयानुसार २७९ व ५३७ या काटकोनी बाजूंचा कर्ण काढला की सुमारे ६०५ किमी, म्हणजेच सुमारे ३२६ सागरी मैल हे उत्तर मिळते. गोलीय त्रिकोणमितीच्या अचूक सूत्राने केलेले गणनही जवळपास हेच उत्तर देते. इतक्या कमी अंतरावर पृथ्वीची वक्रता हिशेबात फारसा फरक पाडत नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना मात्र असे सपाट गणित चालणार नाही.

नकाशावर ही रेषा आखली तर ती अहिल्यानगर व जालना या शहरांच्या दक्षिणेकडून, वाशीमच्या अगदी जवळून आणि यवतमाळ व वर्धा यांच्या उत्तरेकडून जाते. या निरीक्षणाचा उपयोग पुढे होणार आहे.

३.२ मोजणीची पार्श्वभूमी

आज अक्षांश-रेखांश सहज उपलब्ध असले तरी ते एका प्रदीर्घ परिश्रमाचे फळ आहे. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रास येथून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजणी नेत असताना १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे कार्य पुढे नेणारे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेला पृथ्वीच्या आकाराचा नमुना भारतीय नकाशांचा दीर्घकाळ आधार होता. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतुकीत १ जानेवारी १९९८ पासून ‘डब्ल्यूजीएस-८४’ ही उपग्रहाधारित प्रणाली प्रमाण मानली जाते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने पूर्ण गोल मानून काढलेल्या अंतरात अत्यल्प चूक राहते. पुणे–नागपूर मार्गावर ती एक-दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे.

३.३ प्रत्यक्ष उड्डाणमार्ग

विमान मात्र या ६०५ किलोमीटरच्या रेषेवरून तंतोतंत जात नाही. त्याची प्रमुख कारणे दोन आहेत. पहिले कारण धावपट्टीची दिशा. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या चुंबकीय दिशाकोनाचा दहावा भाग असतो. पुण्याची धावपट्टी १०/२८ या क्रमांकाची, म्हणजे साधारणपणे पूर्व-पश्चिम आहे. नागपूरची धावपट्टी १४/३२, म्हणजे आग्नेय-वायव्य आहे. पुण्याहून नागपूरची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ६२ अंश आहे. ती यांपैकी कोणत्याही धावपट्टीशी जुळत नाही. वाऱ्यामुळे पुण्यात पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण करावे लागले तर विमान प्रथम नागपूरपासून दूर जाते आणि मग वळते. नागपुरातही उतरण्यापूर्वी त्याला जवळजवळ काटकोनात वळून धावपट्टीच्या रेषेत यावे लागते.

दुसरे कारण हवाई क्षेत्राचे नियमन. लोहगाव हे मूलतः भारतीय वायुसेनेचे तळ आहे आणि नागरी विमाने त्याच धावपट्टीचा वापर करतात. देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपूरच्या आकाशातून चारही दिशांचे हवाई मार्ग जातात. त्यामुळे विमानाला ठरवून दिलेल्या मार्गबिंदूंवरून आणि नियंत्रण कक्षाने दिलेल्या उंचीवरूनच जावे लागते. या सर्वांमुळे अंतर पाच टक्क्यांनी वाढले असे गृहीत धरले तर ते सुमारे ६३५ किमी होते. जेट विमानाला हे अधिकचे ३० किमी कापण्यास सव्वादोन मिनिटांहून अधिक लागत नाहीत.

३.४ भूपृष्ठावरील अंतर

रस्त्याने हेच अंतर सुमारे ७०० ते ७२० किमी भरते. लोहमार्ग दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत असल्याने रेल्वेचे अंतर सुमारे ८८० किमी आहे. म्हणजे सरळ रेषेच्या तुलनेत रस्ता सुमारे १८ टक्के आणि रेल्वे सुमारे ४५ टक्के अधिक लांब पडते. विमानाचा लाभ केवळ वेगाचा नसून काही अंशी सरळ जाण्याचाही आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

४. उड्डाणकाळ : चाके हलण्यापासून चाके थांबेपर्यंत

या मार्गावर वापरल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या जेट विमानाचा उंचीवरील वेग ताशी सुमारे ८३० किमी असतो. या वेगाने ६०५ किमी अंतर सुमारे ४४ मिनिटांत पार होईल. ‘पाऊण तास’ हे उत्तर येथून येते.

परंतु विमान उड्डाणाच्या क्षणापासून हा वेग घेत नाही. उंची गाठताना आणि उतरताना त्याचा वेग कमी असतो. त्यात वळणे व धावपट्टीच्या रेषेत येण्याचा वळसा मिळवावा लागतो. यासाठी १५ मिनिटे धरली तर जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा काळ सुमारे ५९ मिनिटे होतो. ‘एक तास’ हे उत्तर हवेतील या काळाचे आहे.

वेळापत्रकातील आकडा मात्र आणखी वेगळा असतो. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हलते तेव्हापासून गंतव्य विमानतळावर चाकांना पुन्हा ठोकळे लागेपर्यंतच्या काळास ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे व रांगेत थांबणे यासाठी १५ मिनिटे आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत येण्यास ६ मिनिटे धरली तर एकूण ८० मिनिटे होतात. तिकिटावर छापलेली वेळ ही असते. विमान कंपन्या तीत थोडी अधिकची मिनिटेही राखून ठेवतात. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत आलेले विमान सामान्यतः ‘वेळेवर’ मानले जाते. त्यामुळे वेळापत्रकात सैलसर वेळ ठेवली की वक्तशीरपणाचे प्रमाण आपोआप सुधारते. विमान ‘दहा मिनिटे आधी पोहोचले’ अशी उद्घोषणा ऐकताना प्रवाशाने ही बाब ध्यानात ठेवावी.

५. वाऱ्याचा परिणाम

विमान हवेच्या सापेक्ष उडते आणि हवा स्वतः वाहत असते. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ झोतवारे वाहतात आणि त्यांच्या दक्षिण कडेचा प्रभाव महाराष्ट्राच्या आकाशातही जाणवतो. पावसाळ्यात चित्र पालटते. तेव्हा द्वीपकल्पावर अधिक उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे झोतवारे प्रस्थापित होतात. या पूर्वी झोतवाऱ्यांचे शास्त्रीय विवेचन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये केले होते.

समजा, हिवाळ्यातील एखाद्या दिवशी पश्चिमेकडून ताशी ८० किमी वेगाचा वारा आहे. विमानाची दिशा त्याच्याशी २८ अंशांचा कोन करते, म्हणून त्याचा सुमारे ७० किमी इतका भाग विमानाच्या दिशेने कामी येतो. पुण्याहून नागपूरला जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी ९०० किमी होऊन ६०५ किमीला ४०.३ मिनिटे लागतील. परतताना वेग ७६० किमी राहून ४७.८ मिनिटे लागतील. जाण्या-येण्यात साडेसात मिनिटांचा फरक पडला.

येथे एक लक्षणीय बाब अशी की, दोन्ही वेळांची बेरीज ८८.१ मिनिटे होते. वारा नसताना ती ८७.५ मिनिटे झाली असती. म्हणजे जाताना वाऱ्याने जे दिले, त्याहून थोडे अधिक त्याने येताना काढून घेतले. प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त काळ राहते, हे त्याचे कारण होय. नदीच्या प्रवाहात नाव चालविण्याच्या शालेय उदाहरणाचेच हे आकाशातील रूप आहे.

६. घरापासून घरापर्यंत

प्रवाशाच्या दृष्टीने प्रवास विमानतळावर सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही. पुण्यातील घरापासून नागपुरातील घरापर्यंतचा एक सर्वसाधारण हिशेब असा मांडता येईल :

घर ते पुणे विमानतळ – ४५ मिनिटे
उड्डाणाच्या नियोजित वेळेपूर्वी विमानतळावर – ९० मिनिटे
ब्लॉक टाइम – ८० मिनिटे
विमानातून बाहेर येणे व सामान घेणे – २० मिनिटे
नागपूर विमानतळ ते घर – ४० मिनिटे
एकूण – २७५ मिनिटे, म्हणजे ४ तास ३५ मिनिटे

या २७५ मिनिटांपैकी पूर्ण वेगाने अंतर कापण्यात खर्च होणारा काळ अवघा ४४ मिनिटांचा, म्हणजे सुमारे १६ टक्के आहे. ताशी ८३० किमी वेगाचा विमानप्रवास घर ते घर या मापाने ताशी सुमारे १३२ किमीवर येतो. विमानाचा वेग समजा दीडपट केला, तरी प्रवाशाची जेमतेम पंधरा मिनिटे वाचतील. विमानतळावरची रांग निम्मी केली किंवा तेथवरचा रस्ता सुधारला, तर त्याहून अधिक वेळ वाचेल आणि खर्चही कमी येईल.

याच हिशेबाने पंख्याच्या प्रादेशिक विमानांविषयीचा एक समज दूर होतो. एटीआर-७२ सारख्या विमानाचा वेग ताशी सुमारे ५१० किमी असल्याने त्याला ६०५ किमीसाठी ४४ ऐवजी ७१ मिनिटे लागतील. वेग जवळजवळ ३९ टक्क्यांनी कमी असूनही घर ते घर प्रवासवेळ ४ तास ३५ मिनिटांवरून सुमारे ५ तासांवर, म्हणजे दहा टक्क्यांनीच वाढते. या विमानांना सुमारे १,३०० ते १,४०० मीटरची धावपट्टी पुरते आणि इंधनही कमी लागते. लहान शहरांसाठी ‘मोठेच विमान हवे’ हा आग्रह त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

आता सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुट्टीत पुण्याला मुलीकडे निघालेल्या यवतमाळच्या एखाद्या गृहस्थांचा विचार करू. यवतमाळ ते पुणे सरळ अंतर सुमारे ४८५ किमी, म्हणजे नागपूरपेक्षा १२० किमीने कमी आहे. तरीही विमानासाठी त्यांना आधी पुण्याच्या विरुद्ध दिशेला, सुमारे दीडशे किमीवरील नागपूरला जावे लागते. त्यासाठी तीन तास धरले तर त्यांचा एकूण प्रवास सुमारे ६ तास ५५ मिनिटांचा होतो. ज्या वाटेने ते सकाळी मोटारीतून आले, त्या जिल्ह्याच्या उत्तर आकाशातूनच त्यांचे विमान पुन्हा पश्चिमेकडे जाते. दोन विमानतळांमधील अंतर हे दोन माणसांमधील अंतर नसते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वेळापत्रकाचा मुद्दाही याच्याशीच निगडित आहे. दिवसातून एखादेच विमान असेल आणि ते सायंकाळचे असेल, तर सकाळी दहाच्या मुलाखतीसाठी आदल्या दिवशीच निघावे लागते. मुक्कामाची ती रात्र कोणत्याही उड्डाणकाळात मोजली जात नाही. याउलट, वेळापत्रक नीट जुळविले तर मंद विमानेही किती काम करू शकतात, याचे उत्तम उदाहरण नागपूरनेच दिले आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. आजच्या विमानतळांवरून मोजल्यास नागपूरचे सरळ अंतर मुंबईहून सुमारे ६८३, दिल्लीहून ८५५, मद्रासहून ९०९ आणि कलकत्त्याहून ९८५ किमी आहे. आजच्या जेटच्या मानाने अतिशय संथ अशा डाकोटा विमानांनी संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचविले. ही किमया वेगापेक्षा नागपूरच्या मध्यवर्ती स्थानाची आणि काटेकोर वेळापत्रकाची अधिक होती.

७. समतुल्य अंतर : विमान केव्हा परवडते?

वरील हिशेबात २७५ पैकी २३१ मिनिटे, म्हणजे सुमारे ३.८५ तास हा अंतराशी संबंध नसलेला स्थिर काळ आहे. अंतर २०० किमी असो वा १,००० किमी, तो द्यावाच लागतो. त्यामुळे एका विशिष्ट अंतराच्या आत मोटारच विमानाच्या आधी पोहोचते. या अंतरास समतुल्य अंतर म्हणता येईल.

रस्ता सरळ रेषेपेक्षा २० टक्के लांब आणि मोटारीचा सरासरी वेग ताशी ६० किमी धरला, तर सरळ रेषेतील तिचा वेग ताशी ५० किमी होतो. या गृहीतकांवर समतुल्य अंतर सुमारे २०५ किमी येते. या अंतरावर दोन्ही मार्गांनी ४ तास ६ मिनिटेच लागतात. रस्ता द्रुतगती असेल आणि सरासरी वेग ताशी ९० किमी मिळत असेल, तर हेच अंतर सुमारे ३१७ किमीपर्यंत सरकते.

या दोन आकड्यांच्या प्रकाशात काही जोड्या पाहता येतील. नाशिकजवळील ओझर व पुणे यांमधील सरळ अंतर सुमारे १७१ किमी आहे, म्हणजे केवळ वेळेच्या निकषावर तेथे विमानाचा लाभ नाही. कोल्हापूर–मुंबई हे अंतर सुमारे ३०९ किमी असून ते दोन मर्यादांच्या दरम्यान पडते. तेथे रस्त्याच्या दर्जावर निकाल अवलंबून राहतो. पुणे–नागपूर मात्र ६०५ किमीसह दोन्ही मर्यादांच्या बरेच पलीकडे आहे.

रेल्वेशी तुलना करतानाही हाच विवेक हवा. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेल्या अजनी–पुणे वंदे भारत गाडीला या प्रवासास सुमारे १२ तास लागतात. घर ते घर हा प्रवास पावणेचौदा तासांच्या आसपास जातो, म्हणजे विमानाने सुमारे नऊ तास वाचतात. परंतु रात्रीच्या गाडीत झोपून जाणाऱ्या प्रवाशाचे कामाचे तास फारसे खर्च होत नाहीत आणि तिकीटही स्वस्त पडते. घड्याळातील तास आणि उपयोगाचे तास यांत फरक करणे आवश्यक आहे.

महामार्गांच्या विस्तारामुळे समतुल्य अंतराची रेषा पुढे सरकत आहे. ७०१ किमी लांबीचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णतः खुला झाला. अशा महामार्गालगतच्या शहरांत विमानतळ उभारताना वीस वर्षांपूर्वीची गणिते जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत.

८. भाडे व धोरण : व्याख्येचे आर्थिक मोल

अंतराची व वेळेची व्याख्या केवळ तात्त्विक नसते. तिच्यावर पैशांचे निर्णय होतात. ‘उडान’ या नावाने परिचित असलेल्या प्रादेशिक हवाई संपर्क योजनेत विमानातील काही आसनांसाठी सुमारे एका तासाच्या प्रवासास २,५०० रुपये अशी भाडेमर्यादा ठेवण्यात आली. या योजनेतील पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. त्यांत सिमला–दिल्ली व कडप्पा–हैदराबाद यांसह नांदेड–हैदराबाद हा मार्गही होता. आरंभी योजना २०० ते ८०० किमीच्या मार्गांसाठी होती. डोंगराळ, दुर्गम व बेटांवरील प्रदेशांना मात्र किमान अंतराची अट नव्हती. ही २०० किमीची सीमा आणि वर काढलेले २०५ किमीचे समतुल्य अंतर यांतील जवळीक उद्बोधक आहे. दुर्गम भागाला दिलेली सूटही तर्कसंगत आहे, कारण तेथे रस्त्याचा वेग कमी असल्याने समतुल्य अंतर आपोआप घटते.

करोनाकाळात २५ मे २०२० पासून देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा भाड्याचे टप्पे उड्डाणाच्या कालावधीनुसार ठरविण्यात आले. आरंभीच्या दरांत ४० ते ६० मिनिटांच्या टप्प्यास कमाल ७,५०० रुपये आणि ६० ते ९० मिनिटांच्या टप्प्यास कमाल ९,००० रुपये अशी मर्यादा होती. आता लेखातील नमुना आकडे लावून पाहावेत. हवेतील ५९ मिनिटे धरली तर पुणे–नागपूर पहिल्या टप्प्यात बसेल. ब्लॉक टाइमची ८० मिनिटे धरली तर तो दुसऱ्या टप्प्यात जाईल. प्रवास तोच, विमान तेच, परंतु ‘वेळ’ या शब्दाच्या अर्थावर कमाल भाड्यात दीड हजार रुपयांचा फरक पडतो.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये विमानसेवा मोठ्या प्रमाणावर विस्कळीत झाल्यावर शासनाने घातलेल्या तात्पुरत्या मर्यादा मात्र वेळेऐवजी अंतरावर आधारलेल्या होत्या. ५०० किमीपर्यंत ७,५०० रुपये आणि ५०० ते १,००० किमीसाठी १२,००० रुपये असे त्यांचे पहिले दोन टप्पे होते. अंतराचा निकष अधिक स्थिर असतो. तो वाऱ्यावर, रांगेवर वा कंपनीने वेळापत्रकात राखलेल्या मिनिटांवर अवलंबून राहत नाही. म्हणून नियमनासाठी अंतर आणि प्रवाशाच्या माहितीसाठी वेळ, असा विभाग करणे अधिक योग्य ठरेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

९. जेथे मिनिटांवर जीव अवलंबून असतो

या विवेचनाचे सर्वांत गंभीर उपयोजन अवयवदानाच्या क्षेत्रात आढळते. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय थंड ठेवण्याच्या रूढ पद्धतीत साधारणपणे चार ते सहा तासांच्या आत नव्या शरीरात रुजवावे लागते. यकृतासाठी ही मर्यादा सुमारे बारा तासांची असून मूत्रपिंड त्याहून अधिक काळ टिकते. महाराष्ट्रात अवयवांच्या वाटपाचे समन्वयन करणाऱ्या विभागीय समित्या मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे कार्यरत आहेत. त्यामुळे नागपुरातील दात्याचा अवयव पुण्यातील रुग्णापर्यंत नेण्याचा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहारातला आहे.

सामान्य प्रवाशाचे ४ तास ३५ मिनिटे येथे परवडणार नाहीत. हृदयासाठीची चार तासांची मर्यादा केवळ वाटेतच संपून जाईल. विमानाचा वेग तर वाढविता येत नाही. मग वेळ कोठून वाचवायचा? उत्तर जमिनीवर आहे. पोलिसांनी मोकळ्या करून दिलेल्या रस्त्याने रुग्णालय ते विमानतळ २० मिनिटे, थेट विमानापर्यंत जाण्यास १० मिनिटे, प्राधान्याने सोडलेल्या विमानाचा ब्लॉक टाइम ७५ मिनिटे, उतरल्यावर १० मिनिटे आणि पुन्हा मोकळ्या रस्त्याने रुग्णालयापर्यंत २० मिनिटे, असा हिशेब केला तर एकूण २ तास १५ मिनिटे होतात. चार तासांच्या मर्यादेत शस्त्रक्रियेसाठी पावणेदोन तास शिल्लक राहतात. वाचलेल्या २ तास २० मिनिटांपैकी आकाशात वाचलेले असे जवळजवळ काहीच नाही. ‘हरित मार्गिका’ म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था वस्तुतः स्थिर काळ कमी करण्याची व्यवस्था आहे. वाहतूक पोलीस, रुग्णवाहिकेचा चालक आणि सिग्नलला थांबून वाट मोकळी करून देणारा सामान्य नागरिक हे तिघेही त्या हृदयाच्या प्रवासवेळेचे वाटेकरी असतात.

१०. निष्कर्ष

(१) पुणे व नागपूर विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६०५ किमी अथवा ३२६ सागरी मैल आहे. रस्त्याने ते सुमारे ७०० ते ७२० व रेल्वेने सुमारे ८८० किमी आहे.

(२) ४४ मिनिटे, ५९ मिनिटे, ८० मिनिटे आणि ४ तास ३५ मिनिटे ही एकाच प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे नसून चार भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. आकड्याबरोबर त्याची व्याख्या देणे ही माहिती देणाऱ्याची जबाबदारी मानली पाहिजे.

(३) प्रादेशिक मार्गावर एकूण वेळेतील विमानाच्या वेगाचा वाटा अल्प असतो. म्हणून विमानतळापर्यंतचे रस्ते, सार्वजनिक वाहतूक, तपासणीतील सुलभता व सोयीचे वेळापत्रक यांवर केलेला खर्च अधिक फलदायी ठरण्याची शक्यता आहे.

(४) नवीन प्रादेशिक मार्ग ठरविताना समतुल्य अंतर काढणे उपयुक्त ठरेल आणि रस्ते सुधारतील तसतसे ते पुन्हा तपासावे लागेल.

(५) पदवी स्तरावरील भूगोल, गणित व वाणिज्य या विषयांच्या विद्यार्थ्यांना आपल्या जिल्ह्यातून जवळच्या विमानतळापर्यंतचा व तेथून इष्ट शहरापर्यंतचा असा हिशेब प्रकल्प म्हणून देता येईल. त्यासाठी अक्षांश-रेखांश, एक गणकयंत्र आणि घरच्या माणसांचा प्रवासानुभव एवढीच सामग्री पुरेशी आहे.

विमानाने अंतर कमी झाले, असे आपण सहज म्हणतो. अंतर कमी होत नाही, ते पार करण्यास लागणारा वेळ कमी होतो. तो वेळ यवतमाळच्या गृहस्थांसाठी कमी करायचा असेल, तर आकाशाकडे पाहण्यापूर्वी त्यांच्या घरापासून विमानतळापर्यंतच्या वाटेकडे पाहावे लागेल.